टॅलिसची चाल आणि माजोर्ड्याचे व्हायोलिन

१/ वाशीत एखाद्या मंदिरासमोर हरिनाम सप्ताहाचा मांडव पडला की भजनाला टाळकरी समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात. एका रांगेने चरण उचलला की दुसरी रांग तो झेलते. मृदंगावर थाप पडते, मधोमध विणेकरी उभा असतो. ज्या चालीत अभंग रंगतो ती चाल मुळात कोणी बांधली, हे त्या मांडवात बहुधा कोणालाच ठाऊक नसते, आणि ते विचारण्याची गरजही कोणाला भासत नाही. बाप जसे म्हणत आला तसे मुलगा म्हणतो. परंपरा म्हणजे व्यवहारात एवढेच.

२/ आता कल्पना करावी की उद्या राजाज्ञा निघाली : मठ बंद, सप्ताह बंद, भजनाची भाषा बदलावी, जुन्या वह्या जमा कराव्यात. तीनशे वर्षांनंतर त्या चालींचे काय उरेल? सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये जवळपास असेच घडले. त्याच शतकात गोव्यात याची दुसरी बाजू घडली : तेथे परके गाणे सत्तेच्या बळावर आत आले आणि घरचे गाणे दाराबाहेर गेले. या दोन कथांच्या मधोमध एक मराठी ग्रंथ उभा आहे. आजचा धागा या तिन्हींचा.

३/ आधी ते संगीत कसे होते ते पाहू. आपल्या भजनात चाळीस गळे असले तरी चाल एकच असते. युरोपातील प्रबोधनकाळाच्या चर्चगायनात तसे नसे. तेथे चार, पाच, सहा आवाजांना प्रत्येकी स्वतःची स्वतंत्र चाल असे. एक आवाज शब्द उचलतो, काही मात्रांनी दुसरा तोच शब्द वेगळ्या उंचीवरून उचलतो, मग तिसरा, मग चौथा. कोणी मुख्य नाही, कोणी साथीला नाही. सगळ्या चाली एकमेकींत गुंततात, तरी एकमेकींना अडवत नाहीत. याला बहुस्वरी गायन म्हणतात. इटलीतील पालेस्त्रिना आणि इंग्लंडमधील थॉमस टॅलिस व विल्यम बर्ड ही या कलेची मोठी नावे. टॅलिसची एक रचना तर चाळीस स्वतंत्र आवाजांसाठी आहे : पाच-पाच गायकांचे आठ वृंद.

४/ टॅलिस वॉल्थमच्या मठात नोकरीला होता. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये रोमच्या पोपशी नाते तोडले आणि १५३६ ते १५४० या काळात इंग्लंडमधील मठ एकामागून एक बरखास्त केले. वॉल्थम हा त्यांतील शेवटच्या मठांपैकी एक. १५४० मध्ये तोही मोडला. मठांबरोबर त्यांचे गायकवृंद गेले, हस्तलिखिते गेली, शिकणाऱ्या मुलांची सोय गेली. १५४९ मध्ये लॅटिनऐवजी इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचे झाले. नव्या धर्ममताचा आग्रह असा, की शब्द स्पष्ट कळावेत, एका अक्षरावर शक्यतो एकच स्वर असावा. आवाजांची गुंफण त्यांना दिखाऊ वाटे.

५/ टॅलिस चार राज्यकर्त्यांच्या पदरी राहिला : हेन्री, एडवर्ड, मेरी आणि एलिझाबेथ. प्रत्येकाच्या काळात धर्माचा वारा फिरला आणि त्याने प्रत्येक वाऱ्याला साजेसे संगीत लिहिले. १५६७ च्या सुमारास आर्चबिशप पार्कर यांच्या इंग्रजी पद्यमय स्तोत्रसंग्रहासाठी त्याने नऊ साध्या चाली दिल्या. त्यांतील तिसरी चाल फ्रिजियन स्वरसप्तकातली. भारतीय कानाला ते सप्तक परके नाही; त्याचे स्वर भैरवी थाटाचेच आहेत. ज्या सुरांनी आपल्याकडे मैफल संपते, त्या सुरांतली ही चाल पुढे साडेतीनशे वर्षे जवळजवळ विसरली जाणार होती.

६/ १५७५ हे वर्ष लक्षात ठेवावे. त्या वर्षी टॅलिस आणि बर्ड यांनी लॅटिन गीतांचा एक संग्रह छापून राणी एलिझाबेथला अर्पण केला. संगीत छापण्याचा एकवीस वर्षांचा मक्ता राणीने त्यांनाच दिला होता. बर्ड मात्र अखेरपर्यंत कॅथलिक राहिला. १५९० च्या दशकात त्याने तीन, चार आणि पाच आवाजांसाठी तीन मिसा लिहिल्या. त्या छापल्या गेल्या त्या मुखपृष्ठाविना. खासगी घरांत, दार लावून, मोजक्या माणसांनी गाण्यासाठी ते संगीत होते. पाच आवाज म्हणजे पाच माणसेही पुरेशी.

७/ त्याच १५७५ साली थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज तरुण रोममध्ये जेझुइट संघात दाखल झाला. स्वदेशात त्याच्या धर्माला जागा उरली नव्हती. १५७९ च्या एप्रिलमध्ये तो लिस्बनहून निघाला आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरला. पुढची सुमारे चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तो तेथेच राहिला. मराठी वाचक त्याला फादर स्टीफन्स या नावाने ओळखतो. ज्या इंग्लंडमध्ये लॅटिन उपासना दडून करावी लागत होती, तेथून निघालेला हा माणूस अशा भूमीत आला, जेथे तीच उपासना राज्यसत्तेच्या बाजूने उभी होती.

८/ गोवा पोर्तुगीजांनी १५१० मध्ये घेतला. १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर आला; तो घंटा वाजवत मुलांना गोळा करी आणि धर्मतत्त्वे गाऊन पाठ करून घेई. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून चर्चला जोडून शाळा उभ्या राहिल्या. त्यांत वाचन-लेखन आणि धर्मशिक्षणाबरोबर संगीतही शिकवले जाई : स्वरलिपी वाचणे, लॅटिनमध्ये आवाजांच्या फळीत गाणे, पुढे व्हायोलिन. शिकवणाऱ्याला लोक ‘मेस्त’ म्हणत. गावागावांतली पोरे कागदावरचे स्वर वाचून गाऊ लागली. त्या काळच्या भारतात ही गोष्ट नवीनच होती.

९/ पण ही कथा येथेच थांबवली तर ती अर्धसत्य होईल. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर गावच्या नायकांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. कुंकळ्ळीत पडलेल्यांचे देह ताब्यात घेण्याच्या कामी स्टीफन्स होता. म्हणजे गायनशाळा आणि पाडलेली देवळे एकाच नकाशावर आहेत, काही ठिकाणी एकाच जागेवर आहेत. ज्याला या संगीताचा इतिहास सांगायचा आहे, त्याला हा नकाशा घडी घालून ठेवता येत नाही.

१०/ स्टीफन्सने काय केले? त्याने ओवी उचलली. १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेले त्याचे ख्रिस्तपुराण मराठीत आहे. सुमारे अकरा हजार ओव्यांचे. छपाई रोमन लिपीत, कारण गोव्याच्या छापखान्यात देवनागरी खिळे नव्हते. ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग आहे : धर्मांतर केलेला एक ब्राह्मण म्हणतो की जुनी पुराणे तर बंद झाली, मग मन रमवायला त्यांच्या जागी काहीतरी द्या. या मागणीत केवढी पोकळी दडली आहे! माणसांना सिद्धान्त मिळाला होता, त्यांना हवी होती ती कथा आणि चाल.

११/ कालमान जुळवून पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती १५८४ मध्ये. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये टॅलिस वारला. स्टीफन्स तेव्हा गोव्यात मराठी शिकत होता. ओवी, अभंग आणि बहुस्वरी गायन ही जगाच्या वेगवेगळ्या टोकांची गोष्ट नव्हती; ती समकालीन होती आणि गोव्यात एकाच छपराखाली आली. ख्रिस्तपुराण तेथील ख्रिस्ती समाजात वाचले आणि गायले जाई. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या.

१२/ मग सत्तेचा सूर बदलला. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढून स्थानिक भाषेऐवजी पोर्तुगीज बोलण्याची सक्ती केली. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या आज्ञापत्राने लग्नकार्यातल्या ओव्यांसारख्या रूढींवर बंदी घातली. आता तुलना करावी. इंग्लंडमध्ये लॅटिन गायन दारामागे गेले आणि लोकभाषा चर्चमध्ये आली. गोव्यात लॅटिन गायन चर्चमध्ये राहिले आणि लोकभाषेची ओवी दारामागे गेली. दोन्हीकडे निर्णय गाणाऱ्यांचा नव्हता.

१३/ इंग्लंडकडे परत येऊ. कॅथीड्रलांच्या वृंदांत टॅलिस आणि बर्ड यांची काही इंग्रजी गीते गायली जात राहिली. लॅटिन मिसा मात्र बहुतांशी कपाटात गेल्या. १८२९ मध्ये कॅथलिकांवरची बहुतेक राजकीय बंधने उठली. १९०१ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमध्ये रिचर्ड टेरी संगीतप्रमुख झाला आणि त्याने हे जुने संगीत संग्रहालयातून काढून रोजच्या उपासनेत आणले. तरुण संगीतकार ते ऐकायला जाऊन बसू लागले. पुढे १९२२ ते १९२९ या काळात ट्यूडर काळातील चर्चसंगीताचे दहा खंड छापून निघाले.

१४/ याच सुमारास राल्फ वॉन विल्यम्स १९०६ च्या इंग्रजी स्तोत्रसंग्रहाचे संपादन करत होता. त्या कामात त्याच्या हाती टॅलिसची ती तिसरी चाल लागली. ६ सप्टेंबर १९१० रोजी ग्लॉस्टरच्या कॅथीड्रलमध्ये त्याने त्या चालीवर रचलेली फँटसी प्रथम वाजली. त्यात एकही गायक नाही, फक्त तंतुवाद्ये. पण त्यांची मांडणी पाहावी : एक मोठा वृंद, त्यापासून दूर बसलेला एक छोटा वृंद, आणि चार एकल वादक. मोठा वृंद बोलतो, छोटा लांबून उत्तर देतो. कॅथीड्रलमध्ये गायक समोरासमोर दोन बाजूंना बसून एकमेकांना उत्तर देतात. वाशीच्या मांडवातील दोन रांगा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हे वेगळे समजवावे लागणार नाही.

१५/ त्या संध्याकाळी श्रोत्यांत हर्बर्ट हॉवेल्स नावाचा सतरा वर्षांचा मुलगा होता. पुढे तो विसाव्या शतकातील इंग्रजी चर्चसंगीताचा मोठा रचनाकार झाला, आणि त्या संध्याकाळचा ठसा त्याच्यावर आयुष्यभर राहिला. वॉन विल्यम्सने १९२१ मध्ये जी मायनरमधील मिसा लिहिली आणि ती आपला मित्र गुस्ताव होल्स्ट व त्याच्या गायकांना अर्पण केली. होल्स्ट म्हणजे तोच, ज्याने संस्कृत शिकून ऋग्वेदातील सूक्तांना संगीत दिले आणि सावित्रीची कथा ऑपेरात आणली. १९१६ मध्ये थॅक्स्टेडच्या चर्चमध्ये त्याने आपल्या विद्यार्थिनी आणि गावकरी यांच्याकडून बर्डची तीन आवाजांची मिसा गाऊन घेतली. दार लावून गाण्यासाठी लिहिलेले संगीत उघड्या दारांनी गायले गेले.

१६/ या संगीतकारांनी जुन्या चाली केवळ उचलल्या नाहीत. त्यांनी व्याकरण उचलले : ठेक्याच्या चौकटीत न अडकणारी लय, मेजर-मायनरच्या पलीकडची जुनी स्वरसप्तके, आणि सगळ्या आवाजांना सारखा मान. जर्मन संगीताच्या छायेतून बाहेर पडायला त्यांना स्वतःची म्हणावी अशी वाट हवी होती. ती वाट त्यांच्याच पूर्वजांनी बंद करून टाकलेल्या खोलीतून निघाली, हा इतिहासाचा विनोद.

१७/ गोव्यात मात्र पुनरुज्जीवन करावे लागले नाही, कारण मेस्ताची शाळा मोडलीच नव्हती. १८३५ मध्ये धर्मसंघ गोव्यातून हद्दपार झाले, तरी गावचे चर्च आणि त्याची गायनशाळा चालू राहिली. उपवासकाळात गोमंतकीय रचनाकारांनी बांधलेली लॅटिन मोतेते गायली जात. एकोणिसाव्या शतकात मांडो बहरला : शब्द कोकणी, विषय विरहाचा, गाणे दोन आवाजांत, साथीला व्हायोलिन आणि घुमट. ज्या घरगुती गाण्यावर एकेकाळी आज्ञापत्रे निघाली, तेच गाणे चर्चमध्ये शिकलेल्या दुसऱ्या आवाजाला हाताशी धरून दिवाणखान्यात परत आले.

१८/ पोटापाण्यासाठी ही विद्या मुंबईला आली. धोबीतलावच्या परिसरात गोव्याच्या गावांनी आपापल्या माणसांसाठी चालवलेल्या ‘कुडी’ होत्या. तेथे खलाशी राहत, आचारी राहत, वादकही राहत. १९४३ मध्ये साष्टीतील माजोर्ड्याचा एक सोळा वर्षांचा मुलगा मुंबईत आला आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागला. वडील गावच्या चर्चमध्ये गायकवृंद सांभाळत. संगीत त्याला तेथेच मिळाले. त्याचे नाव अँथनी गोन्साल्विस. प्यारेलाल शर्मा त्याच्याकडे व्हायोलिन शिकले, राहुलदेव बर्मनही शिकले.

१९/ हिंदी चित्रपटसंगीतात या मंडळींचे काम नेमके काय होते? संगीतकार चाल पेटीवर ऐके-ऐकवे. ती स्वरलिपीत उतरवून शंभर वाद्यांत वाटणारा माणूस बहुधा गोमंतकीय असे : सी. रामचंद्रांच्या बरोबर चिक चॉकलेट, शंकर-जयकिशन यांच्या बरोबर सेबॅस्टियन डिसोझा. गायिकेची चाल वर जात असताना व्हायोलिनची दुसरी चाल खालून वेगळ्या वाटेने येते आणि तिला भेटून निघून जाते, असे ज्या गाण्यात ऐकू येते तेथे थांबून ऐकावे. या सगळ्याचे श्रेय चर्चला देणे चूक ठरेल. त्यात जॅझ आहे, वॉल्ट्झ आहे, हॉलिवूड आहे. पण कागद वाचणारा डोळा आणि दोन चाली एकदम ऐकणारा कान या मंडळींना मेस्ताच्या शाळेने दिला.

२०/ १९५८ मध्ये गोन्साल्विसने मुंबईत भारतीय सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. रागांवर आधारलेल्या त्याच्या रचना त्यात वाजल्या, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. १९६५ मध्ये तो अमेरिकेला गेला. १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’ मधील गाण्यातून लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी गुरूचे नाव घराघरांत पोहोचवले. नाव सगळ्यांना पाठ झाले. ते खऱ्या माणसाचे आहे हे फार थोड्यांना कळले. २०१२ मध्ये तो गोव्यात वारला. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत अशा संयोजकांची नावे क्वचितच येत. बर्डच्या मिसांना मुखपृष्ठ नव्हते ते भीतीपोटी. यांना नव्हते ते उपेक्षेपोटी.

२१/ आता अवघड प्रश्न. सक्तीबरोबर आलेले गाणे आपले म्हणावे का? एक उत्तर असे, की गाणे सुंदर आहे, बाकी विसरा. दुसरे असे, की सक्ती झाली, म्हणून गाणेही टाकून द्या. दोन्ही उत्तरे सोपी आहेत आणि दोन्हींत गाणारा माणूस गायब आहे. कुंकळ्ळीचे नायक विसरून मांडो ऐकणे अप्रामाणिकपणाचे आहे. पण मांडो रचणाऱ्याला परक्याचा पोपट म्हणणे हाही त्याच्यावर अन्यायच. मेस्ताकडे शिकलेल्या पोराने त्या विद्येत स्वतःची भाषा, स्वतःचे दुःख आणि स्वतःचे घुमट आणले. त्यामुळे ते गाणे त्याचे झाले.

२२/ मराठवाड्याला हे कळायला कठीण जाऊ नये. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. वरचे शिक्षण उर्दूतून होते. त्या राजवटीविरुद्ध लढलेल्या पिढीतली कितीतरी माणसे उर्दू शेर मनापासून म्हणत. लढा खरा होता आणि शेरावरचे प्रेमही खरे होते. जानेवारी २०२० मध्ये याच जिल्ह्याच्या ठिकाणी, धाराशिवला, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या निवडीवर वाद झाला. वसई १५३४ पासून चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या विजयापर्यंत पोर्तुगीजांकडे होती. त्या वादात किती जणांना स्टीफन्सच्या अकरा हजार मराठी ओव्या आठवल्या असतील?

२३/ ज्यांना हे कानांनी तपासायचे आहे त्यांच्यासाठी क्रम असा : आधी टॅलिसची तिसरी चाल, जेमतेम मिनिटभराची. मग वॉन विल्यम्सची फँटसी, सुमारे पंधरा मिनिटांची, रात्री दिवे मालवून. मग कोणताही जुना मांडो, दुसऱ्या आवाजाकडे लक्ष ठेवून. शेवटी १९५० च्या दशकातले शंकर-जयकिशन यांचे कोणतेही गाणे. शब्द सोडून केवळ व्हायोलिन ऐकावे. आणि पुढच्या सप्ताहात काल्याच्या दिवशी मांडवात उभे राहिल्यावर एखाद्या म्हाताऱ्या टाळकऱ्याला विचारावे, ही चाल तुम्हाला कोणी शिकवली. त्याने सांगितलेले नाव वहीत लिहून ठेवावे.